केतकीबाईंच्या तीन मिनिटांची हकीकत

श्री. जी देवता दुपारी लेकरांस घटकाभर निजविते आणि आयांस श्वास घेऊ देते, तीस नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, भानुवार. ते दिवशी दोन प्रहरी तिसऱ्या मजल्यावरील घरी सामसूम होती, आणि ओट्यावरून डब्याचे झाकण घसरले ते फरशीवर गरगर फिरत खणखणत राहिले. त्या नादे चिरंजीव रेणू, वय वर्षे सहा, जागी जाहली, आणि उशी बगलेत मारून मातोश्री केतकीबाई ढवळे यांजपाशी येऊन म्हणाली, "आई, तू ऑफिसात नक्की करतेस काय? राणीच्या गोष्टीसारखं सांग." मग बाईंनी तीस मांडीवर घेतले आणि सांगो लागल्या, तो वृत्तांत येणेप्रमाणे.

बाई विद्या संपादून प्रथम सल्लागारांच्या फौजेत दाखल जाहल्या. त्या फौजेची रीत ऐसी की, चाकांची पेटी ओढीत परमुलखी जावे, दरबारी पडद्यावर चित्रे दाखवावी, कारभार कैसा सुधारावा ते सांगावे, आणि फळ दिसण्यापूर्वी पुढे कूच करावे. बाईंनी ऐसे नऊ मुलूख सुधारिले, आणि एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा जाणे घडले नाही. मग त्या फोनमधून पैसे धाडणाऱ्यांच्या राज्यी तंत्रप्रमुख जाहल्या. तेथे चोरांचा उपद्रव फार, म्हणोन बाईंनी नेम केला की, तीन मिनिटे ज्याचे बोट फोनवर हलणार नाही त्याच्या खात्याचे दार आपोआप लागावे आणि त्याने पुन्हा पहिल्यापासोन यावे. चोर हटले, बाईंची वाहवा जाहली, आणि मग इस्पितळाच्या राज्याने त्यांसी मानाने बोलाविले.

तेथे फिलोमिना सिस्टर दाराशी उभ्या राहोन रोग्यांस नावाने हाका मारीत, ती हाक जिन्यापर्यंत जाई. बाईंनी ती रीत मोडिली, क्रमांकांचा पडदा बसविला, आणि आपला नावाजलेला नेम काडीचा फरक न करिता तेथेही लाविला, की क्रमांक झळकल्यावर तीन मिनिटांत जो दारी येणार नाही तो रांगेच्या शेवटी. मुख्य डॉक्टर सबनीस यांनी इंदुवारी उद्घाटन ठरविले, पाहुण्यांस पत्रे गेली, आणि त्याआधी कार्तिक वद्य अष्टमी, मंदवारी म्हणजे शनिवारी, खऱ्या रोग्यांसवे तालीम मांडिली. बाई सातव्या मजल्यावर बसोन पाहतात तो पडद्यावर सारे हिरवे, कोणी खोळंबले नाही. संतोष पावोन चहास खाली उतरल्या, तो बाकावर सोनाबाई खरात, वय वर्षे चौऱ्याहत्तर, साखरेचा आजार, उपाशीपोटी रक्त द्यावयास आठ वाजतां आलेल्या, आणि आता साडेअकरा जाहले होते. त्यांनी काठी टेकीत उठावे, दारापाशी पोहोचावे, तो क्रमांक नाहीसा. ऐसे चार वेळा जाहले.

"पोरी," सोनाबाई म्हणाल्या, "मी येतेच आहे गं. पण दार येईस्तोवर माझा नंबर पळतोय. गरगरायला लागलंय बघ."

फिलोमिना सिस्टर कमरेवर हात ठेवोन बोलिल्या, "मॅडम, ह्या आजी तुमच्या तीन मिनिटांत येत नाहीत, माझ्या तीन हाकांत येतात. तुमच्या पडद्याला विचारा, तो सांगेल, आजी आल्याच नाहीत."

बाईंनी सोनाबाईंचा हात धरिला आणि पावलाशी पाऊल जुळवीत चालल्या. बाक ते दार, सहा मिनिटे लागली. रक्त दिले, मग बाईंनी आपल्या डब्यातील भाजीपोळी त्यांपुढे ठेविली, आणि तडक डॉक्टरांपाशी जाऊन म्हणाल्या, "सोमवारी उघडू नका. नियम माझा आणि चूकही माझीच."

डॉक्टर चष्मा काढोन बोलिले, "अहो बाई, फीतसुद्धा आणलीय! सगळीकडे तुमचं नाव आहे, ते जाईल."

"जाऊ दे."

"आठ दिवस देतो. नाही जमलं तर पडदा खाली, आणि तुम्हीही घरी."

मग आठ दिवस ऐसे गेले की, सिस्टरांनी काठी घेऊन सोनाबाईंसारखे चालावे आणि बाईंनी घड्याळ पाहावे, आणि सिस्टरांनी मधेच थांबोन म्हणावे, "आजी इथे कुणाशीतरी बोलते, ते पण धरा." अखेर नवा नेम ठरला, की सिस्टरांनी नावाने तीन हाका देऊन बाके डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणाचाही क्रमांक जाऊ नये. मार्गशीर्ष लागतां उद्घाटन जाहले. पहिला मान सोनाबाईंचा. त्या निघाल्या आणि सारे पाहुणे उभे राहोन वाट पाहत राहिले. पडद्यावरील आकडा जागचा हलला नाही. सोनाबाई त्याजकडे पाहोन म्हणाल्या, "आता कसा गुमान थांबलाय!"

येणेप्रमाणे बाईंची तीन राज्यांची चाकरी जाहली, आणि बाकापासोन दारापर्यंत चालोन पाहण्यास त्यांसी सोळा वर्षे लागली. इतुकीच हकीकत.

रेणू उठली, तिने झाकण उचलून डब्यावर बसविले, आणि माघारी वळोन पुसिले, "आई, मग आधीच्या राज्यांतल्या आज्या? त्या अजून बाकावरच आहेत का?"