सोनबा रेडा, दरारा आणि वज्रदेह

एका जंगलात मीठ नव्हतं. बाकी सगळं होतं. सिंह होता, झाडं होती, झाडांवर माकडं होती आणि माकडांकडे भरपूर वेळ होता. पण मीठ म्हणाल तर चिमूटभरही नाही. ते घाटाखालून, खाडीकाठच्या मिठागरातून आणावं लागे.

जंगलातल्या प्राण्यांना मीठ कशाला लागतं, असं विचारू नका, बालमित्रांनो. गोष्टीतला सिंह मराठीत बोलतो ते तुम्ही निमूट ऐकून घेता. मग मिठापाशीच कशाला अडता?

तर हे मीठ आणायचं काम सोनबा नावाच्या रेड्याकडे होतं. दर आठवड्याला तो घाट उतरायचा आणि पाठीवर दोन गोण्या घेऊन घाट चढायचा. बारा वर्षं त्यानं हे काम केलं. त्या बारा वर्षांत जंगलानं त्याला एकच प्रश्न विचारला, "काय रे, मीठ कधी येणार?"

सोनबाच्या बायकोचं नाव गोदी. ती म्हैस होती, हे सांगायला नकोच. सोनबा घाट चढून आला की ती त्याच्या मागच्या उजव्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची. गुडघा नारळाएवढा सुजलेला असायचा. एकदा तिनं वैद्याला बोलावलं. वैद्य म्हणजे एक म्हातारं घुबड. त्यानं गुडघा दाबून पाहिला, सोनबा ओरडला, तसं त्यानं पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग म्हणालं, "येता पावसाळा ह्या पायानं घाट चढलास, तर पाय गेला म्हणून समज."

गोदी तशीच सिंहाकडे गेली. "महाराज, काहीही करा, पण ह्यांचा पाय वाचवा," म्हणाली आणि रडायला लागली.

सिंह मनानं वाईट नव्हता. शिवाय त्याला अळणी जेवण जात नसे. त्यानं सभा बोलावली आणि जाहीर केलं, "सोनबाचे हाल आता बघवत नाहीत. मीठ आणायला आपण पिकअप घेऊ. घ्यायचीच तर चांगली मोठी घेऊ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोनबाला गहिवरून आलं. गोदीनं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर चारा खाल्ला.

जंगलाचा सामाईक मध साठवलेला होता. तो देऊन एक गाडी येणार होती. दोन येणार नव्हत्या. आणि सामाईक मधातून काही घ्यायचं, तर तिथला रिवाज ठरलेला होता. वडाखाली एक दगडी कुंडी होती. तिच्यात घरटी एक पान पडायला हवं, तेही घरातल्या कर्त्यानं टाकलेलं. एक जरी पान कमी पडलं, तरी वस्तू यायची नाही. ह्या रिवाजाचा सगळ्यांना फार अभिमान होता. त्या रिवाजामुळे गेल्या तीस वर्षांत जंगलात एक बादलीसुद्धा आली नव्हती.

आता गंमत ऐका. बाजारात मोठ्या पिकअप दोनच होत्या. एकीचं नाव दरारा. ती लाल होती, आणि कोल्हा तिचा एजंट होता. दुसरीचं नाव वज्रदेह. ती काळी होती, आणि तिचा एजंट लांडगा.

"दरारा चाळीस गोण्या वाहते," कोल्हा म्हणाला.

"वज्रदेह एक्केचाळीस," लांडगा म्हणाला.

जंगलाला आणायच्या होत्या दोन. पण तोवर चाळीस की एक्केचाळीस हा वाद इतका रंगला होता, की मध्येच दोनाचं नाव काढणं बरं दिसलं नसतं.

"दरारा गुडघाभर पाण्यातून जाते."

"वज्रदेह कमरेएवढ्या पाण्यातून जाते."

"कोणाच्या कमरेएवढ्या?" सशानं विचारलं.

"जिराफाच्या," लांडगा म्हणाला. त्या जंगलात जिराफ नव्हता, त्यामुळे मोजायला कोणी गेलं नाही.

महिन्याभरात जंगलाचे दोन तट पडले. माकडं दराराची झाली. अस्वलं वज्रदेहची झाली. ज्याच्या बिळात गाडीचा आरसासुद्धा मावला नसता, तो ससा दिसेल त्याला थांबवून सांगायला लागला, "गोण्यांचं सोडा हो, खेच बघा, खेच!" साळिंदराच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण व्याही दरारावाले निघाले. कासवानं दोन्ही एजंटांना एकच प्रश्न विचारला, "पळते किती?" आणि दोघांची उत्तरं ऐकून ते मान आत घेऊन विचार करत बसलं.

ह्यातल्या कोणालाच गाडी चालवता येत नव्हती, हे मी मुद्दाम सांगत नाही. तुम्ही हुशार आहात.

सोनबा मीठ आणत होता. गाडी अजून आली नव्हती, आणि कोणीतरी आणायलाच हवं होतं. आता पाठीवर एक जास्तीचं ओझंही आलं होतं. दराराचे फलक आणि रंगीत कागद घाटाखाली छापून व्हायचे. कोल्हा म्हणाला, "तू येतोच आहेस, तर तेवढे घेऊन ये." सोनबानं आणले. कोल्हा खूश झाला. त्यानं सोनबाच्या गळ्यात लाल रुमाल बांधला, शिंगावर दराराचं स्टिकर चिकटवलं, आणि सहज विचारलं, "मग सोनबाराव, तुमचं मत काय?"

सोनबा जागच्या जागी उभा राहिला.

त्याला आजवर कोणी राव म्हटलं नव्हतं. त्याला मत असेल असं कोणाला वाटलं नव्हतं, त्याचं त्यालाही वाटलं नव्हतं. मला त्या रेड्याची दया येते, मुलांनो. मी गोष्ट सांगणारा, मी असं मध्येच बोलू नये, पण येते. जन्मभर ज्याच्याकडे फक्त पाठ होती, त्याच्याकडे आता अचानक मत आलं.

"दरारा," सोनबा म्हणाला. मग जरा जोरात म्हणाला, "दराराच!"

माकडांनी त्याला डोक्यावर घेतलं. म्हणजे म्हणायची पद्धत म्हणून हो, वजन कोणाला पेलणार होतं? पण सभेत त्याला पहिल्या रांगेत जागा मिळाली. तो उभा राहिला की सगळे गप्प व्हायचे. "घाट मी बारा वर्षं पायाखाली घातलाय," तो म्हणायचा. "ह्या घाटाला दराराच पाहिजे." लगेच टाळ्या पडायच्या. सभा संपली की सोनबा लंगडत घरी यायचा.

"अहो," गोदी पाला बांधता बांधता म्हणायची, "लाल येऊ दे नाही तर काळी येऊ दे. कोणती का होईना, लवकर येऊ दे."

"तुला त्यातलं काय कळतं? वज्रदेहचं बोनेट बघितलंयस का? झोपलेल्या डुकरासारखं दिसतं."

"मीठ मागं भरायचंय ना? का बोनेटवर?"

"तेच तर. कळत नाही तिथं बोलू नये."

गोदी पाल्याची गाठ घट्ट बांधायची. थोडी जास्तच घट्ट बांधायची, असं मला वाटतं.

पावसाळा तोंडावर आला. सोनबाचा वेग कमी झाला होता. मिठाला उशीर व्हायला लागला. सलग चार दिवस सिंहाच्या पानात अळणी जेवण पडलं आणि पाचव्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. तो वडाखाली आला आणि गरजला, "पुरे झालं तुमचं! मी नाणं उडवतो. छापा पडला तर दरारा, काटा पडला तर वज्रदेह. पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही."

काटा पडला.

माकडं तासभर कुरकुरली. पण अळणी खाऊन तीही वैतागली होती. एकेक जण येऊन कुंडीत पान टाकून गेला. ससा म्हणाला, "खेच दोन्हींची सारखीच आहे हो." कोल्ह्यानंही पान टाकलं, कारण तो आणि लांडगा साडू होते आणि दोघांनी वाटणी आधीच ठरवली होती. संध्याकाळी पानं मोजली, तर एक कमी भरलं.

"कोणाचं राहिलं?" सिंहानं विचारलं.

"माझं," सोनबा म्हणाला.

गोदी गर्दीतून वाट काढत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अरे सोनबा," सिंह म्हणाला, "ही गाडी तुझ्यासाठीच तर घेतोय!"

"म्हणूनच सांगतो, महाराज. माझ्यासाठी घ्यायची तर दरारा घ्या. ते जमत नसेल, तर मीठ आणायला मी आहे."

"पाय जाईल तुझा!"

"अजून तीन आहेत," सोनबा म्हणाला.

मग माकडांनी असा काही जल्लोष केला म्हणता! "ह्याला म्हणतात निष्ठा!" एक म्हातारं माकड डोळे पुसत म्हणालं. त्यानं सकाळीच वज्रदेहसाठी पान टाकलं होतं. अस्वलांनीसुद्धा सोनबाची पाठ थोपटली. विरोधक असावा तर असा, असं ती आपसात बोलली. सोनबाची मान इतकी ताठ झाली होती, की शेजारी उभी असलेली गोदी त्याला दिसलीच नाही.

ती तशीच पुढे झाली. वडाचं एक पान तोंडात धरून ती कुंडीपाशी गेली. "महाराज, आमच्या घरचं पान मी टाकते," ती म्हणाली. "ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. पाय माझ्यासमोर सुजतो, तुमच्यासमोर नाही."

सिंहाला वाईट वाटलं. त्यानं खाली बघितलं. "गोदीबाई, तुझं म्हणणं पटतं," तो म्हणाला, "पण पान कर्त्यानंच टाकायचं असतं. तीस वर्षांचा रिवाज आहे."

गोदीनं इकडेतिकडे पाहिलं. जो तो वर वडाकडे बघत होता. मग तिनं ते पान चावून गिळून टाकलं आणि ती घरी गेली.

गाडी येणार नाही म्हटल्यावर साठवलेल्या मधाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. तो मात्र लगेच सुटला. सोनबाच्या सत्काराला सगळ्यांनी मिळून मध खाल्ला.

मग पावसाळा लागला. घाट शेवाळला. एका बुधवारी सोनबा मीठ आणायला घाट उतरला, तेव्हा गोदीही त्याच्या मागोमाग गेली. चल म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. भरल्या गोण्या घेऊन घाट चढताना दुसऱ्या वळणावर सोनबाचा पाय दुमडला आणि तो खाली बसला. दोनदा उठायला गेला, दोन्ही वेळा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पावसात दिसलं नाही.

गोदीनं त्याच्या पाठीवरची एक गोण आपल्या पाठीवर घेतली. तरी त्याला उठता येईना. मग तिनं दुसरीही घेतली. पाठ मोकळी झाल्यावर सोनबा तीन पायांवर कसाबसा उभा राहिला. त्यानं गळ्यातला लाल रुमाल सारखा केला.

गोदी दोन्ही गोण्या घेऊन चढायला लागली. सोनबा मागून लंगडत येत होता आणि तिला समजावून सांगत होता, की ह्या वळणावर वज्रदेह घसरलीच असती.

गोदीनं पाठीवरच्या गोण्या सावरल्या. पुढे चढ होता.

तात्पर्य: बालमित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा आपल्या मतावर शेवटपर्यंत ठाम राहा. ओझं उचलायला घरात दुसरं कोणीतरी असतंच.