म्हातारीच्या खोलीतला डोळा

यॉ ओफोसूने कॅमेरा घेतला तो फ्रीझरमधल्या मटणासाठी. दर आठवड्याला दोन-तीन तुकडे कमी व्हायचे आणि बायकोचा सगळा संशय यॉवर. (संशय खरा होता. पण जो स्वतःच पहारा बसवतो त्याच्यावर कोण बोट ठेवणार, असा त्याचा हिशेब. फ्रीझरकडे कुठल्या बाजूने जायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं.)

कॅमेरा बसवून दिला न्सियाने. हा मोबाइल दुरुस्त करणारा तरुण, आणि यॉच्या मुलीशी, पोकुआशी, लग्न करायची त्याची इच्छा. कॅमेऱ्यातून खोलीतलं दिसायचं, ऐकू यायचं, आणि चोराला फोनवरूनच दमही भरता यायचा; पण यॉच्या जुन्या फोनवर चित्र दिसेना, म्हणून न्सियाने ते तात्पुरतं आपल्या फोनला जोडलं. 'तात्पुरतं' या शब्दाला आमच्या कुमासी शहरात फार आयुष्य असतं.

मग एका शनिवारी न्सियाची माणसं मागणी घालायला आली. आठ जण, मानाच्या दारूच्या, श्नॅप्सच्या, दोन बाटल्या, आणि सर्वांच्या पुढे बाजारात कंद विकून आवाज कमावलेली बिरागो मावशी. बोलणं गोडीगोडीने झालं. रिवाजाप्रमाणे यॉची थोरली बहीण न्यार्को उठून म्हणाली, "आम्ही जरा म्हातारीला विचारून येतो."

ही म्हातारी कुणी नसते. मुलीकडच्यांनी आत जाऊन आपसांत ठरवायचं आणि तोवर मुलाकडच्यांनी घाम पुसत बसायचं, एवढाच त्याचा अर्थ. आतली खोली म्हणजे फ्रीझरची. कॅमेऱ्याची आठवण त्या गडबडीत यॉला राहिली नाही. माणसं आत शिरताच, खोलीत कुणीतरी आहे हे सांगायला, बाहेर न्सियाचा फोन किणकिणला. बंद करायच्या घाईत त्याने भलतंच बटण दाबलं, आतलं चित्र आवाजासकट सुरू झालं, आणि मावशीने फोन काढून घेतला.

आत यॉ म्हणत होता, "आक्का, लगेच हो म्हणू या."

"गप. अर्धा तास बसायचं, तोंड पाडून बाहेर जायचं, आणि आणखी दोन बाटल्या मागायच्या."

"आणि उठून गेले तर? पोरगा चांगला आहे. माझ्या लॉरीच्या गोष्टी तो एकटाच शेवटपर्यंत ऐकतो. त्याचं नाव निघालं की पोकुआ भात करपवते."

"तोंड पाड आधी. बघू दे."

यॉने पाडलं.

"हे दाढ दुखल्यासारखं झालं."

पुन्हा पाडलं.

"आता पोट बिघडलंय."

तिसऱ्यांदा जमलं.

ते बाहेर आले तेव्हा पाहुणे माना खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. (रडतायत बिचारे, असं वाटून यॉला गलबलून आलं, आणि तोंड पुन्हा बिघडलं.)

"म्हातारी नाराज आहे," न्यार्को म्हणाली.

"असेल," मावशी म्हणाली. "पण व्याही, तिसरं तोंड जास्त शोभत होतं. हे परत दाढेचं झालं."

तिने फोन त्यांच्याकडे फिरवला. त्यात रिकामी खोली आणि फ्रीझर दिसत होता. न्यार्कोला समजायला वेळ लागला नाही.

"आमच्या म्हातारीच्या खोलीत डोळा ठेवलात? उचला त्या बाटल्या."

पोकुआ पाण्याचा ट्रे घेऊन दारातच थांबली. न्सियाने मान वर केली नाही.

"तो मीच विकत आणलाय," यॉ पुटपुटला. त्याहून मोठ्याने सांगायचं तर मटणाचंही सांगावं लागलं असतं.

"जरा थांबा," न्यार्को म्हणाली. "पुन्हा म्हातारीला विचारते."

या खेपेला यॉने खांद्यावरचं कापड काढून कॅमेऱ्याला दोनदा गुंडाळलं आणि वर गाठ मारली.

"आता बघा म्हणावं काय बघायचं ते," तो म्हणाला.

"दंड. दोन मेंढ्या," न्यार्को म्हणाली. "त्याशिवाय मुलगी नाही."

"अगं, एवढ्यावरून मोडेल. पोर मघापासून ट्रे धरून उभी आहे. हात दुखले असतील तिचे."

"दंड सोडला तर उद्या कुणी आपल्याला विचारील का?"

यॉ फ्रीझरला टेकला.

"मग असं कर आक्का. तू बेधडक माग. त्यांनी का-कू केलं, तर मी माझ्याच दोन मेंढ्या पहाटे गुपचूप त्यांच्या अंगणात बांधून येतो. त्या त्यांनी आणून द्यायच्या. तुझा मान राहील, पोरीचं लग्न होईल. कुणाला कळणार आहे?"

कापडाच्या आतून बिरागो मावशीचा आवाज आला, "व्याही, आमचं का-कू सुरू झालंय. जरा धष्टपुष्ट बघून बांधा."