वीस लाख ओव्हन

"माझ्या देशाला हात लावणारा अजून जन्माला यायचाय!" असं मास्तरांनी सकाळी चहाच्या खोलीत जाहीर केलं. ते जाहीर करताना हात इतका जोरात उडवला की अर्धा कप चहा त्यांच्याच शर्टावर सांडला. इथूनच खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण सावध होतील तर ते मास्तर कसले!

मास्तर म्हणजे ऊर्जा नियोजन केंद्रातले सगळ्यांत जुने शिक्षक. निरनिराळ्या देशांचे इंजिनीअर या केंद्रात सहा-सहा आठवडे येऊन राहत. येत्या तीस वर्षांत आपल्या देशाला किती वीज लागेल, त्यातली कोळशाची किती, पाण्याची किती, उन्हावाऱ्याची किती आणि अणूची किती, याचा आराखडा करायला शिकत. आता शिकताना गणितं चुकणारच, आणि स्वतःच्या देशाचे चुकलेले आकडे चारचौघांत दाखवायला कुणाला आवडतं? म्हणून सगळे एका काल्पनिक देशावर हात साफ करून घेत. त्याचं नाव सरावदेश. एकोणीस वर्षांपूर्वी मास्तरांनी तो स्वतःच्या हातांनी घडवला होता. एक नदी, दोन कोळशाच्या खाणी, थोडा समुद्र आणि वीस लाख घरं! पोटच्या पोरावर करावी तशी माया होती त्यांची त्या देशावर.

या वीस लाख घरांचं एक गुपित होतं. घरात कधी किती वीज लागते याचे आकडे मिळेनात, तेव्हा मास्तर आठवडाभर स्वतःच्या घरात वही घेऊन बसले होते. गिझर सव्वासहाला, इस्त्री आठला, टीव्ही सातला, असं सगळं टिपलं आणि सरळ वीस लाखांनी गुणलं. तेव्हापासून सरावदेशातली वीस लाख घरं एकाच मिनिटाला गिझर लावत होती आणि एकाच मिनिटाला इस्त्री करत होती. कुणाला कसलाही संशय आला नव्हता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग केंद्रात मास्तरांचा मेहुणा नोकरीला लागला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हसरा, चटपटीत, बोलायला गोड. त्यानं सहा महिन्यांत स्वतःचा एक नवाकोरा देश तयार केला. त्या देशाला बेटं होती, पवनचक्क्या होत्या, किनाऱ्यावर एक छोटीशी, नीटस अणुभट्टी होती. आणि पडद्यावर त्या देशाची नदी चक्क वाहायची! मास्तरांची नदी एकोणीस वर्षं एक निळी रेघ होऊन पडली होती. नवी नदी पाहिली आणि मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना.

घरी जावं तर तिथेही तेच.

"अहो, धाकट्याची नदी हलते म्हणे!" बायको कौतुकानं म्हणाली.

"नदी हलून वीज तयार होत नाही," मास्तर म्हणाले.

"पण छान दिसते ना!"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. भूक होती, पण रागही होता.

त्यात भर म्हणून एक डबा होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मेहुणा चहाच्या खोलीत बिस्किटांचा मोठा डबा आणून ठेवायचा. "बेकरीतून आणलीत," म्हणायचा. पाहुणे इंजिनीअर त्या डब्यावर तुटून पडायचे आणि मेहुण्याच्या पाठीवर थाप मारायचे. मास्तरांनी त्या बिस्किटांना बोटसुद्धा लावलं नव्हतं. एक तर डॉक्टरांनी साखर बंद केली होती, घरचा ओव्हनही चार महिन्यांपासून बिघडलेला होता, आणि बिस्किटांच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा. पण मेहुण्याच्या डब्यातलं खायचं? त्यापेक्षा उपाशी राहू! त्यांना एवढंच समाधान होतं की मंगळवारी-शुक्रवारी दुपारी त्यांचाच वर्ग असायचा, आणि एरवी पेंगणारे पाहुणे त्या वर्गात टक्क जागे असायचे. शेवटी शिकवणं ते शिकवणं!

अशात संचालकबाईंनी बॉम्ब टाकला. "दोन-दोन देश सांभाळणं परवडत नाही. शेवटच्या दिवशी दोघांनी आपापला देश मांडा. पाहुणे ज्याला मत देतील तो राहील."

"आणि दुसरा?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"दुसरा कपाटात."

एकोणीस वर्षांचा देश कपाटात! मास्तर उठून सरळ वायरमनकडे गेले. आकडे ताजे हवेत, इतके ताजे की मेहुण्याचा देश त्यांच्यापुढे शिळा दिसायला हवा. दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या घरच्या मुख्य बोर्डावर मिनिटामिनिटाची वीज मोजणारं एक यंत्र बसलं.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"वीज कंपनीची तपासणी." गुपित फोडायचं नव्हतं. धाकट्याच्या कानावर गेलं तर?

"कुठल्या वेळी काय चालू होतं, तेही कळतं का याला?"

"छे! नुसतं बिल बरोबर येतंय का ते बघतात."

"मग राहू दे," बायको म्हणाली. तिला जरा हायसं वाटलेलं दिसलं, पण मास्तर तेव्हा नदीच्या विचारात होते.

दोन आठवड्यांनी मास्तरांनी यंत्रातले आकडे काढले, न बघताच वीस लाखांनी गुणले आणि संगणकात भरले. सरावदेशाची कमाल मागणी आजवर चार हजार मेगावॉट होती. आता पडद्यावर आकडा आला नऊ हजार!

दुसरा कुणी असता तर त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं असतं. मास्तरांना गहिवरून आलं. "काय प्रगती केलीस रे बाळा!" ते पडद्याला म्हणाले. एवढी मागणी म्हणजे अणुभट्टी हवीच. मेहुण्याची एक छोटी आहे? मग आपली मोठी. सगळ्यांत मोठी, सोळाशे मेगावॉटची. आणि एक का म्हणून? दोन!

आता, कुठलंही एक केंद्र देशाच्या एकूण विजेच्या दहाव्या हिश्श्याहून मोठं नसावं, असा एक साधा नियम आहे. ते अचानक बंद पडलं तर बाकीच्यांना भार पेलता आला पाहिजे. हा नियम मास्तर स्वतः एकोणीस वर्षं पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत आले होते. त्या संध्याकाळी त्यांनी तो जरा बाजूला ठेवला. अणुवीज आणायची तर कायदे, तपासणारी माणसं, शिकलेले कामगार यांची तयारी करता करता दहा-पंधरा वर्षं जातात. मेहुण्यानं बारा धरली होती. मास्तरांनी चार धरली.

शेवटचा दिवस उजाडला. चौदा पाहुणे, संचालकबाई, मेहुणा आणि मागच्या रांगेत मांडीवर तीन डबे घेतलेली बायको! धाकट्यानं तिला निरोपाच्या चहासाठी बोलावलं होतं. मास्तरांना मात्र वाटलं, भावाचा विजय बघायला आली आहे. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मेहुण्यानं आधी मांडणी केली. नदी वाहिली. टाळ्या पडल्या. मास्तरांनी दोन बोटांनी टाळी वाजवली आणि उठले.

"नऊ हजार मेगावॉट!" त्यांनी सुरुवातच तिथून केली. "दोन महाकाय अणुभट्ट्या! फक्त चार वर्षांत!"

बेटावरच्या देशातून आलेल्या एक शांत इंजिनीअरबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी हात वर केला. "एक शंका. तुमच्या देशाची मागणी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला एकदम दुपटीच्या वर जाते आणि साडेअकराला खाली येते. काय होतं त्या वेळात?"

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. खरंच की! सपाट माळावर दोन डोंगर उभे होते. हे डोंगर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

"कारखाने," ते ठामपणे म्हणाले.

"पण हे घरगुती रकान्यात आहे."

"घरगुती कारखाने!"

"वीस लाख घरांत?"

"कामसू लोक आहेत हो आमचे!"

बाईंनी मान तिरकी केली. "आधी काही मिनिटं सलग वीज, मग दर काही मिनिटांनी बंद, परत चालू. हा तर ओव्हन दिसतो. तापला की बंद होतो, निवला की चालू."

"कसं शक्य आहे?" मास्तर उसळले. "आमच्या घरचा ओव्हन तर चार महिने बिघडलेला आहे!"

एकोणीस वर्षं जपलेलं गुपित मास्तरांच्या तोंडून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आलं होतं. संचालकबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या घरचा? म्हणजे ही वीस लाख घरं..."

पण मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते मागच्या रांगेकडे बघत होते. बायको डब्याचं झाकण फार बारकाईनं न्याहाळत होती. मेहुणा छताकडे बघत होता. मंगळवार. शुक्रवार. डबा. बेकरी!

"बेकरीतून आणलीत काय रे!" मास्तर कडाडले. "माझ्या घरच्या ओव्हनमधून, माझ्या विजेवर, माझी बायको तुला बिस्किटं करून देते? आणि मला सांगते ओव्हन बिघडलाय!"

"भाऊजी, ऐका तरी..."

"तू बोलू नकोस! तुझी नदी हलते!"

बायको उठली. "त्याच्यासाठी नाही केली. तुमच्यासाठी केली."

"माझ्यासाठी? चार महिन्यांत एक तरी दिलंस का?"

"तुमच्या वर्गासाठी! आधीच्या तुकड्यांची माणसं दुपारी तुमच्या वर्गात घोरायची, असं धाकटा म्हणाला. म्हटलं, पोटात काही गेलं तर बिचारी जागी राहतील. आणि तुम्हाला साखर बंद, ओव्हन चालू दिसला असता तर राहवलं असतं का तुम्हाला?"

पाहुण्यांपैकी दोघांनी माना खाली घातल्या. मंगळवार-शुक्रवारच्या त्या टक्क उघड्या डोळ्यांसाठी मास्तर गेले चार महिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

"ओव्हन काढा आकड्यांतून," संचालकबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

मेहुण्यानं ओव्हन काढले. डोंगर नाहीसे झाले. मागणी परत चार हजारांवर आली, आणि चार हजारांच्या देशात सोळाशेच्या दोन भट्ट्या हत्तींसारख्या बसून राहिल्या.

"आता त्यातली एक इंधन बदलायला बंद करा," त्या पुढे म्हणाल्या.

मेहुण्यानं कळ दाबायला जरा वेळ लावला. "भाऊजी, दाबू?" त्यानं हळूच विचारलं. त्याच्या आवाजात खोडी नव्हती, आणि त्यामुळेच मास्तर आणखी चिडले.

"दाब!"

सरावदेशाच्या नकाशावर मास्तरांनी एकेक करून लावलेले पिवळे दिवे होते. ते आधी उत्तरेला गेले, मग खाणींपाशी, मग नदीकाठी. शेवटी एक दिवा किनाऱ्यावर लुकलुकला आणि तोही विझला. एकोणीस वर्षांत त्या देशात कधी अंधार झाला नव्हता.

"दहाव्या हिश्श्याचा नियम कुणी शिकवला होता आपल्याला?" संचालकबाईंनी विचारलं.

"मास्तरांनी!" चौदाही जण एका सुरात म्हणाले.

"मग मास्तर, एवढी मोठी भट्टी का घातलीत?"

मास्तरांकडे तीन उत्तरं तयार होती. तिन्हींत आलेख होते. पण नकाशातला तो काळोख बघून त्यांना खोटं बोलवेना.

"त्याच्याकडे एक होती म्हणून," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मग बेटावरच्या इंजिनीअरबाई हळूहळू टाळ्या वाजवू लागल्या. "आमच्याकडे तीन सरकारांनी याच कारणासाठी मोठमोठे प्रकल्प काढले," त्या म्हणाल्या, "पण इतक्या सरळ शब्दांत कुणीच सांगितलं नव्हतं."

मतं पडली. सरावदेशाला अकरा, मेहुण्याच्या देशाला तीन!

मास्तरांची छाती फुगली. विझलेला चेहरा परत पेटला. "बघितलंस?" ते मेहुण्याला म्हणाले. "नदी हलवून मतं मिळत नाहीत!"

"बसा, मास्तर," संचालकबाई म्हणाल्या. "पाहुण्यांनी मताबरोबर कारणही लिहिलंय. नव्या देशात चुकाच नाहीत, त्यामुळे त्यातून खरं काही शिकता येत नाही म्हणे. तेव्हा असं ठरलं. पाच आठवडे नव्या देशावर शिकवायचं, वीज कशी आखावी म्हणून. सहाव्या आठवड्यात सरावदेश, कशी आखू नये म्हणून. धड्याचं नाव 'चुका शोधा'. आणि मास्तर, त्यातली एकही चूक दुरुस्त करायची नाही. जशीच्या तशी हवी."

आता यावर आनंद मानायचा की जळफळायचं, हे मास्तरांना संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही. देश कपाटात गेला नव्हता हे खरं. पण पाच आठवडे त्याचे आणि एक आपला, हेही खरंच होतं.

घरी बायकोनं न सांगता एक बशी पुढे ठेवली. बशीत एक बिस्कीट होतं. बिनसाखरेचं.

"त्यांच्या डब्यात साखरेची होती," मास्तर बिस्कीट मोडत पुटपुटले.

"ते पाहुणे आहेत."

"धाकटा पाहुणा आहे?"

"पुरे झालं हो!" बायको समोर बसली. तिच्या हातात एक कागद होता. "जेवणाआधी एक विचारायचं होतं. धाकट्यानं मला तुमचा तो सगळा आलेख छापून दिला. मंगळवार-शुक्रवार माझे. ते मी कबूल केलं. पण हे बघा, दोन्ही रविवारी दुपारी तीनला, मी झोपलेली असताना, वीस लाख घरांत चार-चार मिनिटं मायक्रोवेव्ह लागतो. आणि आपल्या डब्यातली साखर दर सोमवारी दोन बोटं खाली गेलेली असते. कोण दूध गरम करतं हो त्या वेळी?"

मास्तरांनी बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"घरगुती कारखाने," ते म्हणाले, पण अगदी हळू.