सतरा नंबरच्या माश्या

साल १९८६. विज्ञानाने जिवंत प्राण्यांवर फार विसंबू नये, हे सत्य आमच्या अनुवंशशास्त्र विभागाला त्या वर्षी उमगलं. मी तिथे टंकलेखिका होते.

तोवर विभागात फळमाश्या होत्या. दहा बाटल्या, प्रत्येकीत सुरुवातीला निम्म्या माश्या लाल डोळ्यांच्या, निम्म्या तपकिरी. पिढ्यांमागून पिढ्या कोणता रंग टिकतो, ते मोजायचं. हे काम प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंचं; त्यांना सगळे माशीताई म्हणत. नऊ वर्षं त्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन माश्यांना खाऊ घालत. (नवऱ्याला डबा द्यायला विसरत, पण त्याची नोंद ठेवायची नव्हती.)

मग संगणक आला. त्याला थंडगार खोली, आम्हाला दाराबाहेर चपला काढायचा नियम. आत आकड्यांच्या माश्या. खात नाहीत, घाण करत नाहीत, चाळीस पिढ्या चहा होईतो उरकतात. कोणता रंग पुढे जाणार, हे यंत्र नशिबावर सोडतं. मात्र ते नशीब सुरू करायला एक आकडा द्यावा लागतो. संगणकवाल्याने आदरापोटी विभागप्रमुखांच्या खोलीचा नंबर दिला. सतरा.

प्रयोग शंभरदा झाला. शंभरही वेळा एकतिसाव्या पिढीला तपकिरी डोळे संपले. माशीताईंच्या चार बाटल्यांत लाल जिंकले होते, तीनांत तपकिरी, आणि उरलेल्या तीनांत अजून काहीच ठरत नव्हतं. बेशिस्त उघड होती. बाटल्या बंद करायचा ठराव आला.

"अहो सर," माशीताई विभागप्रमुखांना म्हणाल्या, "दर वेळी तोच आकडा दिलात, तर तेच उत्तर येणार. हा एकच प्रयोग आहे, शंभर वेळा छापलेला. एकदा अठरा देऊन बघा ना!"

"अठरा नंबर अडगळीच्या खोलीचा आहे, बाई."

"मग? अडगळीला नशीब नसतं?"

"आकडा बदलायला समितीची मंजुरी लागते."

समिती बसली. तिने आकडा कायम केला आणि माश्या सदोष ठरवल्या. बाटल्या स्पिरिटमध्ये रिकाम्या करायला शिपाई आला, तेव्हा माशीताईंनी पहिली बाटली स्वतः उचलली. "मीच करते. तू सांडशील."

विभागप्रमुख पुढे कुलगुरू झाले. संगणकवाला विमा कंपनीत गेला. माणसं कधी मरतील ते काढून देतो. माशीताईंची बदली ग्रंथालयात झाली. तिथे त्या खिडकी कधी बंद करू देत नसत. गेल्या वर्षी गेल्या.

यंत्राने काढलेला, एकतिसाव्या पिढीला तपकिरी संपणारा आलेख मात्र शाळेच्या पाठ्यपुस्तकात गेला. तुम्ही तो पाठ केलात, पूर्ण गुण मिळवलेत. इतक्या हजारो मुलांनी एकच उत्तर लिहिलं, त्या अर्थी ते बरोबरच असणार.