इंग्रजीत हसायचं नसतं

या, जरा पुढे सरका. दाराशी ताटकळलेल्यांनीही आत यावं, होईल जागा. आज एका थोर गुरुजींची करणी ऐकवायची आहे. त्यांनी नुसती भाषा शिकवली नाही, कपाळावरच्या आठ्यांसकट शिकवली.

गोडताई एका हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करायची. हे नाव शेजारणींनी ठेवलेलं. ती "जरा सरकता का" म्हणाली तरी समोरच्याला आपला सत्कार झाल्यासारखं वाटे. पण वाफेनं तिची छाती भरून यायला लागली आणि डॉक्टरांनी तळघर सोडायला बजावलं. वर पाहुण्यांच्या काउंटरवर जागा रिकामी होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, "इंग्रजी बोलायला लागा, मग बघू." झालं, ताई संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली.

वर्गातले सर म्हणजे तपस्वी माणूस. विद्यार्थ्यांची तोंडं बघून होणारा क्लेश त्यांनी बिचाऱ्यांपासून कधी लपवला नाही. आत यायचे, डावी भुवई चढवायचे, पेनानं टेबलावर टकटक करायचे आणि पोटातून एक सुस्कारा सोडायचे. मग कुणी काहीही बोलो, बरोबर की चूक, सर म्हणायचे, "अगेन." पुन्हा म्हटलं की पुन्हा "अगेन." मायेनं विद्यार्थी बिघडतात, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या हाताखाली कुणी बिघडलं नाही हे खरंच, कारण निम्मे त्याआधीच पळाले.

उरले त्यांनी मात्र सगळं निष्ठेनं उचललं. इंग्रजी बोलणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिलाच कुठे होता? मागच्या बाकावरच्या ट्रकवाल्या काकांनी तर त्याचं शास्त्रच मांडलं.

"ताई, शब्द चांगले येतात तुम्हाला. भुवई कच्ची आहे."

"काय करू काका, बोलताना हसूच येतं."

"हसू आपल्या भाषेत. इंग्रजीत हसायचं नसतं. सर हसले का कधी? आधी सुस्कारा, मग टकटक, मग शब्द. एवढा शिकलेला माणूस उगाच करेल का?"

ताईला ते पटलं. सराव म्हणून एका सकाळी तिनं सासूबाईंसमोर भुवई चढवली, चमच्यानं पातेल्यावर टकटक केली, सुस्कारा सोडला आणि एक अख्खं इंग्रजी वाक्य म्हटलं.

सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "काय गं, माझं काही चुकलं का?"

"नाही हो आई, झोप नीट लागली का विचारलं."

"मग आपल्या भाषेत शिव्या दे बाई. त्या सोसतील मला."

परीक्षेचा दिवस उजाडला. ताई काउंटरवर उभी राहिली, देवाचं नाव घेतलं. मॅनेजरसाहेब खांबाआड उभे होते. इतक्यात एक परदेशी पाहुणा तणतणत आला. खोलीत गरम पाणी नाही, पैसे परत करा, असं काहीसं तो बोलला.

ताईला कळलं सगळं. आतून तिचा जीव कळवळला. पण भाषा ती भाषा. तिनं डावी भुवई चढवली, पेनानं टकटक केली, सुस्कारा सोडला. "अगेन."

पाहुणा गडबडला. त्यानं तीच तक्रार सावकाश, एकेक शब्द नीट लावून सांगितली.

"अगेन."

आता त्यानं शर्टाची कॉलर सरळ केली. पैशांचा विषय गाळला. पाणी तसं अगदीच गार नाही, असंही मान्य केलं. तिसऱ्या "अगेन"ला तो "सॉरी" म्हणाला आणि पाय न वाजवता जिना चढून गेला.

मॅनेजरसाहेब पुढे आले. ताईचे डोळे भरले. "चुकलं का हो साहेब? आम्हाला असंच शिकवलंय."

"चुकलं? अहो, इथं लोक तक्रार घेऊन येतात आणि सूट घेऊन जातात. हा माफी मागून गेला. उद्यापासून तळघर बंद, तुम्ही इथंच. फक्त हसू नका."

सरांनी ही बातमी ऐकली आणि कडक शिस्तीचं फळ म्हणून वर्गाची फी वाढवली. सुस्कारा मात्र तोच.

पण त्याच दिवशी इकडे ताईच्या जिवाला चैन पडेना. तिनं स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बादली भरून घेतली, धापा टाकत वर नेली आणि पाहुण्याचं दार ठोठावलं. टकटक झाली. धाप लागल्यामुळे सुस्कारा आपोआप आला. मग तिला येत होतं त्या सगळ्यात प्रेमळ इंग्रजीत ती म्हणाली, "पाणी आणलंय."

आतून थरथरता आवाज आला, "नो प्रॉब्लेम, मॅडम. नो प्रॉब्लेम." आणि कडी लागल्याचं ऐकू आलं.

ताई बराच वेळ उभी राहिली. बादलीतली वाफ विरत गेली.

आता उठाल, घरी जाल, देवापुढे हात जोडाल. त्या दाराआडच्या माणसाची तेवढी आठवण ठेवा. बिचाऱ्यानं थंड पाण्यानंच अंघोळ केली, आणि तीही आवाज न करता.