तिसऱ्या मजल्यावरचा तराफा

जहाज कंपनीची पुणे शाखा वारज्यात होती आणि तिथून समुद्र शंभरेक किलोमीटर लांब होता. तरीही मुख्य कचेरीने हुकूम काढला, की जहाजावरचे असोत वा टेबलामागचे, सर्वांनी सागरी सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं. शाखा व्यवस्थापक हिंमतराव हुकूम वाचून म्हणाले, "योग्यच आहे. उद्या वारज्यात भरती आली तर धावपळ नको."

शनिवारी सकाळी कॅप्टन मैनुद्दीन आले. तीस वर्षं समुद्रावर काढून आता कसबा पेठेत स्थिरावलेले. त्यांच्यामागून दोन हमालांनी पिंपासारखा एक पांढरा डबा आणला आणि बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवला.

"यात दहा माणसांचा तराफा आहे," कॅप्टन म्हणाले. "ही दोरी शेवटपर्यंत ओढली की आपोआप फुगतो. इथे कुणी ओढायची नाही."

"दहा माणसं? या डब्यात?" हिंमतराव हसले. "कॅप्टनसाहेब, नमुन्याचे डबे रिकामे असतात."

"हा भरलेला आहे."

"विकणारे असंच म्हणतात."

कॅप्टन सहा कर्मचाऱ्यांना दाराजवळ घेऊन जीवरक्षक जाकीट बांधायला शिकवू लागले. हिंमतरावांना जाकिटाची गरज वाटली नाही. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी दोरी ओढायला घेतली. दोरी संपेचना. दहा-बारा हात बाहेर आली.

"बघा! नुसती दोरीच भर—"

शेवटचा हिसका बसला. डबा फट्कन उघडला, आतून जोरात फुसफुस सुरू झाली आणि बघता बघता नारिंगी छपराच्या तराफ्याने टेबल आडवं केलं, खुर्च्या कोपऱ्यात रेटल्या आणि तो दाराला जाऊन टेकला. दार आत उघडणारं होतं. म्हणजे आता ते उघडणार नव्हतं. तराफ्याच्या अलीकडे, दाराशेजारच्या कोपऱ्यात, सात माणसं आणि पलीकडे, काचेला गाल चिकटलेले, हिंमतराव.

"साहेब, खिडकी उघडा!" कॅप्टन ओरडले. "जास्तीचा वायू खोलीत येतोय, सगळे गुदमरू!"

हिंमतरावांचा एकच हात मोकळा होता. त्यांनी कशीबशी खिडकी सरकवली आणि भर रस्त्यावर हाक दिली, "वाचवा!"

जहाजावरच्या लोकांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या प्रियदर्शनीने अग्निशमन दलाला फोन लावला. "आमची नाव अडकलीय हो."

"कुठे, मुठेत?"

"नाही, तिसऱ्या मजल्यावर."

"मग लिफ्टने आणा खाली," पलीकडून उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

"अहो, हवा सोडा ना याची!" हिंमतराव कळवळले.

"झडप तुमच्याच बाजूला आहे. कुठली, ते मी अकरा वाजता शिकवणार होतो."

शेवटी कॅप्टननी प्रियदर्शनी आणि हिशेब बघणाऱ्या संतोषला तराफ्याच्या अलीकडच्या तोंडातून आत घातलं. दोघं रांगत पलीकडच्या तोंडाशी पोचली.

"सर, आमच्याकडे पाठ करा," संतोष म्हणाला.

"मी? तुमच्याकडे?"

"बुडणाऱ्याला पाठीकडूनच ओढतात, सर."

"मी बुडत नाहीये!"

"मग राहू द्यायचं का?"

हिंमतरावांनी पाठ केली. तिसऱ्या हिसक्याला ते आत आले, एक बूट बाहेरच राहिला. प्रियदर्शनीने तराफ्यातलीच पाण्याची पिशवी फोडून दिली. ती त्यांनी एका दमात संपवली. मग तिने कॅप्टनना विचारत विचारत झडप शोधली. पाऊण तासाने दार उघडलं.

कॅप्टननी तिथेच फॉर्म भरले. सहाही जण उत्तीर्ण.

"आणि मी?" हिंमतरावांनी विचारलं.

"तुमचं नाव अपघातग्रस्तांच्या रकान्यात आहे."

हिंमतरावांनी आठवडाभर कॅप्टनचं नाव काढलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी कॅप्टनचाच फोन आला.

"साहेब, तुमच्या शाखेचा अहवाल मुख्य कचेरीला फारच आवडला. आता नागपूर शाखेत असंच प्रशिक्षण ठेवलंय. मोकळे आहात का?"

हिंमतराव खुर्चीत सावरून बसले. "शिकवायला?"

"छे हो. अडकायला."