कोरा पुठ्ठा

शांतामामा सकपाळांना मी लबाड म्हणालो. पोलादपुरात, त्यांच्याच गॅरेजसमोर, चार गिऱ्हाइकं उभी असताना आणि माझे वडील गाडीत बसलेले असताना. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मामांच्या गमती सांगता सांगता मी स्वतःला त्यातून अलगद सोडवून घेईन. ती सवय मला आहे.

मामांचं गॅरेज महाबळेश्वरकडे वळणाऱ्या रस्त्यावर. तिथला नियम असा, की गाडी दारात आली की मालकाशी बोलायचं नाही. आधी गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांचे पुठ्ठे त्यांनी मापात कापून ठेवलेले असत. मालकाला बाकावर बसवून एक चहा होईपर्यंत गप्प राहायचं. मग पुठ्ठा ओढायचा, डागाला बोट लावायचं, हुंगायचं. काळा डाग इंजिनचा, लाल स्टिअरिंगचा. "माणसाचं आयकू नये, पुठ्ठ्याचं आयकावं," असं म्हणून ते त्यावर मालकाचं नाव आणि तारीख लिहीत आणि पुठ्ठा भिंतीला लावून ठेवत. दवाखान्यात जुने केसपेपर असतात तशी ती भिंत.

संशय गाड्यांपुरताच नव्हता. चहावाल्याने ग्लास कमी भरला तर काल कुठवर होता ते मामा बोटाने दाखवत. एकदा त्यांनी माझ्या घड्याळातली वेळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिली आणि दोन्ही चुकीची ठरवली.

आमच्या नानांची, म्हणजे वडिलांची, गाडी पंचविशी ओलांडलेली. ती बनवणाऱ्या कंपनीने गाशा गुंडाळूनही जमाना झाला. तिच्या पॉवर स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा नळीतला दांडा, तेल गाळू लागला. तेल उतरलं की स्टिअरिंग जात्यासारखं जड. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रविवारी सकाळी घरापासून चवदार तळ्यापर्यंत स्वतः गाडी चालवत जायचं, एवढाच त्यांचा उरलेला थाट. तोही जाणार असं दिसू लागलं.

आमच्या महाडात दोन मेकॅनिकांनी हात वर केले. नवा रॅक मिळत नाही म्हणाले. मामांनी लाल डाग हुंगला आणि म्हणाले, "नवा कशाला? ह्योच नीट करतो." त्यांनी रॅक उतरवला, दांडा बिरवाडीच्या लेथवाल्याकडून पॉलिश करून आणला, तेल अडवणारे सगळे रबरी सील बदलले.

आता माझा संशय. मी शाळामास्तर, निम्मं आयुष्य कॉप्या पकडण्यात गेलेलं. गाडी देण्याआधी मी रॅकवर खिळ्याने एक फुली मारून ठेवली होती, बदलला तर कळावं म्हणून. शाळा सुटल्यावर दोनदा पोलादपूर गाठून डोकावलोही. दोन्ही वेळा मामांनी मला बाकावर बसवून चहा पाजला. काहीतरी लपवायचंय म्हणून पाजतायत, असं मला वाटलं. गाडी ताब्यात घेताना फुली जागेवर होती. तरी मन मानेना.

मामांनी एकच बजावलं. "बॉनेटखालच्या स्टिअरिंगच्या तेलाच्या बाटलीचं झाकण पंधरा दिवस उघडू नका, मास्तर. माझ्यावर सोडा."

'माझ्यावर सोडा' म्हटलं की माझी झोप उडते. दुसऱ्याच सकाळी झाकण उघडलं. तेल थोडं कमी वाटलं, म्हणून ओतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं रोज. पाचव्या दिवशी गाडीखाली लाल थेंब दिसले, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. सापडला एकदाचा!

त्याच दिवशी नानांना घेऊन गेलो आणि वर सांगितलेले शब्द बोललो.

मामांनी ऐकून घेतलं. बॉनेट उघडून तेलाच्या बाटलीकडे पाहिलं, बॉनेट लावून काचेतून नानांकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माझं. सील बसला नसंल. परत करतो."

दोन दिवसांनी गाडी मिळाली. झाकणावर तांब्याची तार गच्च पिळून बांधलेली. त्यानंतर एक थेंब पडला नाही.

मला उमजायला आठवडा लागला. रॅक गळतच नव्हता. मी ओतलेलं जास्तीचं तेल तापून झाकणातून उतू जात होतं आणि खाली ओघळत होतं. त्याच दिवशी जायला हवं होतं. गेलो नाही. स्टाफरूममध्ये मात्र मामांची लबाडी आधीच रंगवून सांगून झाली होती. महिन्याभराने एक सहकारी म्हणाले, तुमचं ऐकून आमच्या आळीतल्या तिघांनी तिथे जाणं सोडलं, वाचवलंत बघा.

त्या रविवारी मी नानांना म्हटलं, आज तळं नको, पोलादपूरला चला.

गॅरेजात एकही गाडी नव्हती. मामा बाकावर एकटेच, शेजारी दोन ग्लास, त्यातला एक पालथा. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला आणि नाना बसले होते त्या गाडीखाली पुठ्ठा सरकवला. मग पालथा ग्लास सुलटा करून माझ्यासाठी चहा ओतला.

मी भिंत बघत बसलो. 'मास्तर, म्हाड' असे तीन पुठ्ठे होते. पहिल्यावर लाल थारोळं. दुसरा काम झाल्यानंतरचा, कोरा करकरीत. तिसऱ्यावर थोडे थेंब आणि पेन्सिलीने लिहिलेलं : 'रॅक सुका. तेल वरनं.'

"मामा, कोरा पुठ्ठा त्या दिवशीही इथेच होता. का नाही दाखवलात?"

"नाना बसलेले ना गाडीत," मामा म्हणाले. "बापासमोर पोराला खोटं पाडायचं काय?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा इथेच हाताखाली होता. एकदा तो गिऱ्हाइकाची गाडी फिरवून आला आणि विचारल्यावर गाडी हलवलीच नाही म्हणाला. मामांनी चारचौघांत पुठ्ठा पुढे केला : एकाच गाडीचे डाग दोन जागी.

"पुठ्ठा खरा होता, मास्तर. पोरगा मुंबयला गेला. गणपतीत फोन येतो, आईला."

मी उठलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "नानांना काय सांगू नका. मी इसरलो कधीच."

पण मी तेवढ्यासाठीच आलो होतो. समोर चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसं होती. मी नानांना खाली उतरायला सांगितलं. मामांनी आपल्या सवयीने गाडीखाली वाकून पाहिलं. "आता काय गळतंय?"

"काही नाही, मामा," मी टपरीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. "नाना, मामांचं काम पक्कं होतं. झाकण मी उघडत होतो. रोज, चोरून. उद्या शाळेतही हेच सांगणार आहे. मामा, चुकलं माझं."